दिवाडीची मोजणी

फेरीच्या धक्क्यापासून पिएदादच्या इगर्जीपर्यंत
माझी तीन हजार एकशे चाळीस पावलं.
भूमापन खात्यात एकतीस वर्षं साखळी ओढली,
पाऊल आपोआप अडीच फुटांवर पडायचं,
चिखलात, तापात,
मुलीच्या वरातीत सुद्धा.

या मे महिन्यात तीन हजार सहाशे सव्वीस भरली.
पुन्हा मोजली. तीन हजार सहाशे एकोणचाळीस.
म्हणजे एक तर बेट लांबलं
नाहीतर मी आखडलो.
घरी जाऊन जुना नकाशा पसरला.
बेट होतं तेवढंच आहे.

बांबोळीला डॉक्टर कुंकळ्येकर
पडद्यावर माझा डावा गुडघा दाखवतात:
इथे फट असायला हवी होती.
फट राहिलेली नाही.
दोन शेतांमधला बांध गेला की काय होतं
ते मला कुणी सांगायला नको.
एक ते दहात किती दुखतं, विचारतात.
सपाटीला तीन, चढणीला सहा,
उतरताना आठ,
आणि फेरीच्या फळीवरून उतरताना
ओळखीचं कोणी बघत असलं, तर दोन.
ते हसले नाहीत. लिहून घेतलं.
मग म्हणाले, तुम्हांला चालायचंय तरी किती?

हा प्रश्न मला कधी कुणी विचारला नव्हता.

कुमुद म्हणते, कशाला हवंय चालणं?
पोदेर दारात येतो, मासळी दारात येते,
नार्व्याच्या देवळात जायला शर्मदाची गाडी आहे.
खरं आहे.
मी काही आणायला जातच नव्हतो कधी.
खाजनाच्या बांधावरून निघायचं,
मानशीपाशी उभं राहून
पाणी आत येतंय की बाहेर जातंय ते बघायचं,
आणि परत.
याला काम म्हणता येत नाही, म्हणून घरात सांगता येत नाही.

शर्मदाने तारीख विचारून ठेवलीय.
मी म्हटलं, बोंदेरां होऊ दे.
ती म्हणाली, गेल्या वर्षी चवथ होऊ दे म्हणाला होता,
त्याआधी जत्रा.

मिंगेलचे दोन्ही गुडघे बदलून तीन वर्षं झाली.
त्याच्या बाल्कांवावर बसून मी त्याची उलटतपासणी घेतली.
जिना? चढतो.
रात्री ठणका? नाही.
पहिला महिना? विचारू नको रे.
चालतोस किती? बाजारापर्यंत.
त्यापुढे का नाही?
त्यावर तो थोडा गप्प झाला.
कुणी अडवलंय थोडंच, म्हणाला,
गुडघा नाही म्हणत नाही. मीच आळसावलो.
मग हळू आवाजात:
मिसेला सगळे गुडघे टेकतात
तेव्हा मी बाकावर ताठ बसून असतो,
एखाद्या रेजिदोरासारखा.
देवाला कळत असेल, बायकोला नाही कळत.

मानशीचं दार यंदाच बदललं.
मानशीवाला पेद्रू म्हणाला, बघा, लाकूड नवं, पाणी तेच,
तुमच्या पायाचंही तसंच.
पेद्रूला दोन पायांवर उड्या मारता येतात.
मी त्याचं म्हणणं मनावर घेतलं नाही.

निघताना मिंगेलने आणखी एक सांगितलं, हसत हसत:
कापायच्या आधी मार्करने पायावर बाण काढतात,
चुकून दुसरा कापू नये म्हणून.
काळा, जाड बाण.

जन्मभर मी दगडांवर तोच बाण शोधला.
करवंदीच्या जाळीत, शेवाळाखाली,
दोन भावांच्या शिव्यांच्या मधोमध,
नखाने माती खरवडून
बाण सापडला की म्हणायचो, इथून धरा.
सगळी भांडणं तिथून पुढे सुरू व्हायची,
पण निदान कुठून ते ठरायचं.

शर्मदाला फोन केला. ती म्हणाली, नक्की ना?
नक्की म्हटलं नाही. तारीख घे म्हटलं.

फिरून मोजणी करायची
तर आधीचं माप कागदावर लागतं.
उद्या पहिल्या फेरीने जाणार,
धक्का ते पिएदाद, पिएदाद ते नार्व्याची फेरी,
कुठल्या पावलाला किती, फील्डबुकात उतरवत,
लोक बघत असले तरी खरा आकडा.
पेन्सिल तासून ठेवली आहे.
कुमुद विचारते, एवढ्या पहाटे कुठे?